अंबाबाईला कुणाचं नाव लावायचं?

‘तुला तिथनं काय कळतंय?’ एवढं लिहून दादा गप्प बसला. त्याला चार दिवस झाले, तरी ते वाक्य डोक्यातून जात नाही.

दादा म्हणजे माझा मामेभाऊ, कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला. वाद जुनाच आहे, कोल्हापूरच्या देवीला अंबाबाई म्हणायचं की महालक्ष्मी. दादाच्या मते ती साक्षात विष्णुपत्नी आहे, दर नवरात्रात तिरुपतीहून शालू येतो तो उगीच नाही. अंबाबाई हे खेडवळ नाव, त्यानं तिचा मान उणावतो. आणि त्याच दमात पुढं लिहितो, ‘जगात फक्त आपल्याच धर्मात देवाला आई मानतात. तुमच्या जर्मनीत आहे का असलं काही?’

‘तुमच्या जर्मनीत’ हे त्यानं मुद्दाम लिहिलं. ते मला लागलं, हे कबूल करते.

पण मुद्द्याचं बोलू. ती जगाची आई असेल तर तिचा नवरा कोण, हा प्रश्न पहिल्यांदा का यावा? आणि दादाला महालक्ष्मी हेच नाव हवं असेल, तर त्यानं दुर्गा सप्तशतीबरोबर छापलेलं प्राधानिक रहस्य हे छोटं प्रकरण काढून वाचावं. हातात म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र, डोक्यावर नाग, लिंग, योनी असं वर्णन तिथं महालक्ष्मीचंच आहे, आणि कोल्हापूरची मूर्ती त्याच वर्णनाशी जुळते. ‘सर्वस्याद्या’ म्हणजे सगळ्यांच्या आधीची ती. तिच्यापासून ब्रह्मदेव आणि श्री जन्मतात, आणि पुढं श्रीला ती विष्णूला देते. म्हणजे त्या ग्रंथाप्रमाणे ही विष्णूची बायको नव्हे, लक्ष्मीचं लग्न लावून देणारी आई. दोन्ही नावं तिचीच आहेत. भांडण नावाचं नाहीच, तिला कुणाच्या तरी घरात बसवायचं की नाही याचं आहे.

माझ्या आईनं हे संस्कृत कधी वाचलं नव्हतं. भृगूची लाथ, विष्णूनं ती सोसली म्हणून लक्ष्मीला आलेला राग, आणि रुसून तिचं करवीरला येणं ही गोष्ट ती सांगायची, आणि शेवटी म्हणायची, ‘आली ती आली, परत गेली नाही.’ मग लगेच टेंबलाईची, म्हणजे त्र्यंबोली देवीची गोष्ट. विजयोत्सवात त्र्यंबोलीला बोलवायचं राहिलं, ती रुसून टेकडीवर जाऊन बसली, म्हणून ललिता पंचमीला अंबाबाई स्वतः पालखीतून तिची समजूत काढायला जाते. टेंबलाईवरच्या गर्दीत आईच्या पदराला धरून मी कोहळा फुटताना बघितलाय. कोहळा फोडते ती कुमारिका. त्या अख्ख्या दिवसात कुणाच्या नवऱ्याचा उल्लेख नसतो.

आता ‘तुमच्या जर्मनीत’चं बघू. मी क्रेफेल्डला राहते. आरई 10 या रेल्वेनं केवेलार हे यात्रेचं गाव अर्ध्या-पाऊण तासावर. तिथल्या षट्कोनी ग्नाडनकापेल या छोट्या प्रार्थनामंदिरात मरियाचं, येशूच्या आईचं, एक चित्र आहे, हाताच्या पंजाएवढं, साधं कागदावर छापलेलं. 1642 पासून लोक त्याच्या दर्शनाला येतायत. ऑगस्टमध्ये तमिळ लोकांची यात्रा असते. श्रीलंकेतल्या युद्धामुळे इथं आलेली ही माणसं, आणि त्यांत कॅथॉलिक असतात तसे हिंदूही असतात. गेल्या वर्षी माझ्यापुढं एक आजी होती. कांजीवरम नेसलेली, कपाळाला विभूती. तिनं चपला काढून कडेला ठेवल्या, चौकटीला हात लावला, तोच हात डोळ्यांना लावला, आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली. त्यातलं ‘अम्मा’ तेवढं मला कळलं. त्याच आजीला मी इथल्याच हाम शहरातल्या कामाक्षीच्या देवळाच्या रथोत्सवातही पाहिल्यासारखं वाटतं. असेल किंवा नसेल. तिला कुणी विचारलं नाही, ही अम्मा कुणाची.

तरीही दादाचं एक बरोबर आहे, आणि ते मी इथं शिकले. इथल्यांकडे देवाची आई आहे, पण आई असलेला देव नाही. ‘आमच्या बापा’ म्हणूनच त्यांची प्रार्थना सुरू होते. 1978 मध्ये पहिले जॉन पॉल म्हणाले होते, देव आपला पिता आहे आणि त्याहूनही अधिक माता आहे. ते जेमतेम 33 दिवस पोप होते. माझ्या ऑफिसातल्या कॅथॉलिक मैत्रिणीला मी हे सांगितलं तेव्हा तिनं ऐकलेलंही नव्हतं. तिला मी जनाबाई सांगितली. ‘ये गं ये गं विठाबाई, माझे पंढरीचे आई’. विठोबा पुरुष, रखुमाईचा नवरा, मिशा फुटतील अशा थाटात कमरेवर हात ठेवून उभा, आणि जनी त्याला ‘गं’ म्हणते. ज्ञानेश्वरही माउली, आणि वारीत शेजारून चालणारा अनोळखी बाप्याही माउली. हे जर्मनमध्ये सांगता सांगता माझं मलाच कळलं की आपल्या घरात वडिलांना ‘अहो’ आणि आईला ‘अगं’. देवाला आपण सहसा ‘अहो’ म्हणत नाही. मराठी माणसानं देवाला मुळातच आईच्या बाजूला बसवलंय. जर्मनमध्ये बापालाही ‘डू’, म्हणजे ‘तू’, आईलाही ‘डू’. त्यांना हा फरक ऐकूच येत नाही.

त्या दिवशी मी जरा ताठ मानेनं बोलले. मैत्रीण शांतपणे म्हणाली, ‘मग तुमच्याकडे पुजारी बायका असतील.’

ती त्या 2019 च्या संपात होती. म्युन्स्टरमधून सुरुवात झाली आणि आठवडाभर कॅथॉलिक बायका चर्चच्या आत गेल्या नाहीत. बाहेर अंगणात बसून त्यांनी प्रार्थना केल्या. पुरोहितपद आम्हालाही हवं, ही त्यांची मागणी. तिला मी काय सांगणार होते? 2016 मध्ये उच्च न्यायालयानं बायकांचा देवळात जाण्याचा हक्क मान्य केल्यावर, त्याच एप्रिलमध्ये आमच्या आईच्या गाभाऱ्यात शिरणाऱ्या बाईला धक्काबुक्की झाली, हे? 2017 मध्ये पुजाऱ्यानं देवीला घागरा-चोळी नेसवली म्हणून गाव पेटलं आणि 2018 मध्ये पगारी पुजारी नेमायचा कायदा आला, हे सांगितलं. गाभाऱ्याचं नाही सांगितलं. परक्यासमोर घरचं झाकायची सवय लागलीय. दादासमोर मात्र मी तेच उघडं करते आणि केवेलारचं कौतुक करते. तिथल्या अंगणात बसलेल्या बायका त्याला सांगत नाही.

दादा, तुझ्याशी भांडताना हे लिहायचं राहिलं होतं.

आणखी एक राहिलं होतं. सहा वर्षं मी कोल्हापूरला आले नाही. आई गेल्यावर येण्याचं निमित्तच संपलं. पासपोर्ट बदलला तेव्हा आई होती, ती फोनवर एवढंच म्हणाली होती, ‘मग आता तुझी ओटी कोण भरणार?’ मी चिडले होते. पासपोर्टचा आणि ओटीचा काय संबंध, असं म्हटलं होतं. केवेलारला मेणबत्ती लावते तेव्हा माझ्याही तोंडात मरियाचं नाव नसतं. ‘आई अंबाबाई’ असंच येतं, आणि मग मागं वळून बघते, कुणी ऐकलं का.

ओटी वहिनी भरते. दर नवरात्रात दादा बाहेरच्या रांगेत दोन-दोन तास उभा राहतो, वहिनी माझ्या वाटचं खण-नारळ घेऊन आत जाते, आणि संध्याकाळी अभिषेकाच्या पावतीचा फोटो येतो. पावतीवर माझं माहेरचं नाव असतं. लग्नाला बावीस वर्षं झाली, पासपोर्टवर दुसरं आडनाव आहे, म्हणून मी एकदा विचारलं होतं, की वहिनी, जुनंच नाव का घालतेस?

‘सासरचं नाव घातलं तर ती वळखायची न्हाई,’ वहिनी म्हणाली, आणि फोन दादाकडं दिला.