संपाची उधारी

परवा भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक बातमी पाठवली, सोबत दोन हसणारी तोंडे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन आणि ओरेगन या राज्यांत जानेवारी २०२६ पासून संपावर गेलेल्या कामगारालाही बेकारभत्ता मिळणार. खाली त्याचा प्रश्न: "मामा, संप करून पैसे मिळायला लागले तर कामावर कोण जाणार?"

भाचा इथे गोव्यात वेर्ण्याला सुपरवायझर आहे, गुणी मुलगा. फोनवर मला धड उत्तर देता आले नाही, म्हणून इथे लिहितोय. लांबेल. कंटाळा आला तर खुशाल सोडून द्या.

२००७ च्या पावसाळ्यात आमच्या फॅक्टरीत ३४ दिवस संप झाला. नाव घेत नाही, फोंडा तालुक्यातली इंडस्ट्रियल इस्टेट एवढे पुरे. मी मशीनवर होतो, हातात पगार यायचा ५,८०० रुपये. जुन्या कराराची मुदत संपून दीड वर्ष होऊन गेले होते आणि नवा करार काही होत नव्हता. पहिला आठवडा जत्रेसारखा गेला. गेटसमोर ताडपत्री, पावसात चहा, घोषणा, पेपरवाला येऊन फोटो काढून गेला. दुसऱ्या आठवड्यात ताडपत्रीखाली बसायला जागा मिळू लागली. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र गेटवर पुढारी काय बोलतो यापेक्षा गावात पसरकार काय बोलतो याला जास्त महत्त्व आले.

(गोव्याबाहेरच्यांसाठी: पसरकार म्हणजे आमचा किराणा दुकानदार.)

त्याच्याकडे आमची उधारीची वही होती. ती भिजू नये म्हणून बायको छत्रीखाली पोटाशी धरून न्यायची. उकडे तांदूळ ५ किलो, खोबरेल अर्धा लिटर, चहापूड पाव किलो, साबण एक. पसरकार भला माणूस, एकदाही नाही म्हणाला नाही. फक्त रोज विचारायचा, "संप मिटलो गे वयनी?" चौथ्या आठवड्यात बायकोने साखर एक किलो मागितली, तर त्याने अर्धाच किलो तोलली आणि वहीत अर्धाच लिहिला. बोलला काही नाही. त्या रात्री बायकोही काही बोलली नाही, साखरेचा डबा तेवढा माझ्यासमोर ठेवला.

गणेशचवथीला दहा दिवस उरले असताना संप मिटला. मागणीच्या निम्म्याहून कमी वाढ पदरात पडली. कंपनीने आधीच महिन्याभराचा माल गोदामात भरून ठेवला होता, हे आम्हाला नंतर ड्रायव्हरांकडून कळले. त्यांचे गोदाम आणि माझी वही, अशी ती शर्यत होती. न्याय कोणाच्या बाजूने हा प्रश्न त्यात कुठे आलाच नाही.

वर नोटीस नियमाप्रमाणे दिली नव्हती असे म्हणून आठ दिवसांचा पगार वेगळा कापला, तो निराळाच. वेतन अदायगीच्या १९३६ च्या कायद्यात तशी तरतूद होती. दहा किंवा जास्त कामगार मिळून विनानोटीस, योग्य कारणाशिवाय गैरहजर राहिले तर आठ दिवसांपर्यंतचे पैसे जादा कापता येत. म्हणजे ३४ दिवस घरी बसलो आणि कापले गेले ४२ दिवसांचे.

पण भाच्या, मला खरे सांगायचे आहे ते पॅकिंगच्या बायकांबद्दल.

पॅकिंगला पेडणे, डिचोली, सत्तरीकडच्या तीसेक बायका होत्या. पहाटे पाचला घर सोडून दोन बस बदलून यायच्या. त्या संपात नव्हत्या, आम्ही त्यांना विचारलेही नव्हते. मशीन बंद म्हटल्यावर पॅक काय करणार? बाराव्या दिवशी कंपनीने त्यांना ले-ऑफ दिला, म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरते घरी बसवले. एरवी ले-ऑफ म्हणजे मूळ पगार आणि महागाईभत्त्याचे निम्मे पैसे मिळतात. पण औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५-ई मध्ये एक ओळ होती: त्याच कारखान्याच्या दुसऱ्या भागातल्या कामगारांच्या संपामुळे ले-ऑफ आला असेल तर भरपाई नाही. झाले. त्यांच्यातली एकजण गेटवर येऊन मला म्हणाली, "दादा, आमचें कितें चुकलें?" आम्ही सगळे ताडपत्रीकडे बघत बसलो.

आता अमेरिकेचे. तिथेही संपावर गेल्याच्या दुसऱ्या दिवशी कोणी पाकीट आणून देत नाही. आधी दोन-तीन आठवडे स्वतःच्या खिशातून काढायचे, मग भत्ता सुरू. वॉशिंग्टनमध्ये जास्तीत जास्त ६ आठवडे, ओरेगनमध्ये १०. न्यूयॉर्क आणि न्यूजर्सीत हे त्याआधीपासून आहे. कॅलिफोर्नियात २०२३ मध्ये हॉलिवूडचे लेखक १४८ दिवस संपावर होते. त्याच वर्षी असा कायदा विधिमंडळाने मंजूर केला आणि गव्हर्नर न्यूसम यांनी तो अडवला. कारण दिले की बेकारभत्त्याच्या फंडावर आधीच सुमारे २० अब्ज डॉलरचे कर्ज आहे. न्यूसम कामगारांच्या बाजूचे समजले जातात, तरी. तेव्हा तिकडेही हे सगळ्यांच्या गळी उतरलेले नाही.

मालकवर्गाचा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. तिथे बेकारभत्त्याचा फंड मुख्यतः मालकांच्या करातून भरतो. माझ्याविरुद्धच्या संपाला माझ्याच पैशाने रसद का, हा प्रश्न रास्त आहे. पण आपल्याकडे चित्र वेगळे आहे. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात, मालक पगाराच्या ३.२५ टक्के भरतो, पण ०.७५ टक्का कामगाराच्या पगारातूनही जातो. २०१८ ची अटल विमित व्यक्ती कल्याण योजना त्याच ईएसआयची: नोकरी गेली तर ९० दिवसांपर्यंत सरासरी कमाईच्या निम्मे, तेही आयुष्यात एकदाच. संपवाला त्यात बसत नाही, कारण त्याची नोकरी गेलेलीच नसते. आणि ईएसआयच्या १९४८ च्या, २०२५ पर्यंत चाललेल्या कायद्यातले कलम ६३ वाचले होते का? संपाच्या दिवसांत आजारी पडलात तर त्या दिवसांचा आजारपणाचा भत्ता नव्हता, नियमांतले थोडे अपवाद सोडून. आमच्यातल्या एकाला तेव्हा कावीळ झाली होती. घरी कीरांयत्याचा कडू काढा पीत पडून होता. कागदोपत्री तो आजारी नव्हता, संपावर होता.

युनियनने द्यावेत की पैसे, असे भाचा म्हणेल. कायद्याची ना नव्हती. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यातच संपातले नुकसान सभासदांना भरून देण्याची मुभा होती. पण आमची वर्गणी होती महिन्याला १० रुपये, आणि तीही तीन महिने थकलेली! त्यातून ताडपत्रीचे भाडे निघाले, एवढेच. जर्मनीत युनियन स्वतःच्या तिजोरीतून संपभत्ता देते, पण तिथली वर्गणी पगाराच्या टक्क्यात असते. आमच्यातल्या कोणाला एक टक्का माग बघू. मी स्वतः दिला नसता, खोटे कशाला बोलू.

१९८२ चा मुंबईचा गिरणी संप आठवा. अडीच लाखांच्या आसपास कामगार. माझे एक काका तेव्हा परळहून पेडण्याला परत आले आणि दोन पावसाळे शेतात राबले. सरकारने नाही, युनियनने नाही, गावच्या भाताने तो संप पोसला. आता आमच्याकडे ते भातही राहिले नाही. शेत पडीक आहे, शेजारचे तर प्लॉट पाडून विकले गेले.

मग मला काय हवे? सरसकट भत्ता नको. संपाची वाट आधीच अरुंद झाली आहे. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत सगळ्याच कारखान्यांत संपाआधी १४ दिवसांची नोटीस देणे सक्तीचे झाले, निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी कॅज्युअल रजा टाकली तरी तो संपच, आणि बेकायदा संपाला १० हजारांपर्यंत दंड किंवा महिन्यापर्यंत कैद. ठीक. एवढ्या सगळ्या अटी पाळून जो कायदेशीर संप करेल त्याला तिसऱ्या आठवड्यानंतर थोडे काही मिळू द्या, तांदूळ-तेलापुरते. आणि जे संपात नाहीतच, पण ज्यांचे काम संपाने बंद पडले, त्यांना पहिल्या दिवसापासून द्या. हे दुसरे तर मालकांनीही मान्य करायला हरकत नसावी. कंत्राटी कामगारांचे काय, असे कोणी विचारेल. त्यांना संपावर जायला नोटीस कोण देऊ देतो? दुसऱ्या दिवशी कंत्राटदार नवा माणूस आणतो. तो विषय वेगळ्या पोस्टचा.

आणि भाच्या, तुझा प्रश्न, कामावर कोण जाणार? निम्म्या पगारात महिनाभर घरी बसून बघ. गाडीचा हप्ता निम्मा होत नाही.

पॅकिंगची ती बाई गेल्या महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भेटली. आता मिरच्या विकते. अठरा वर्षे होऊन गेली, तरी मला बघताच ओळखले. हसत म्हणाली, "दादा, तुमच्याकडे माझे बावीस दिवस येणे आहे हां." मी दोनशेची नोट दिली आणि उरलेले राहू दे म्हटले. तिने डबा उघडला, वीस-वीसच्या नोटा मोजून माझ्या हातावर ठेवल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.