माजी अध्यक्षांनी डॉक्युमेंटरीत कसं बसावं

राजेहो, कॉलनीचं अध्यक्षपद गेलं, हार सुकले, फोन वाजेनासा झाला. आता एकच काम उरलं. स्वतःवर एक डॉक्युमेंटरी काढून घ्या. धरमपेठेतला भाचा लग्नाचं शूटिंग करतो, तेवढा दिग्दर्शक पुरे. फक्त डिसेंबरात उरका. मे महिन्यात कूलरच्या घरघरीत कोणाचाच वारसा ऐकू येत नाही.

आधी काय करू नये ते बघून घ्या. जर्मन दिग्दर्शक वर्नर हर्झोगनं २०१८ साली सोव्हिएत संघाचा शेवटचा अध्यक्ष गोर्बाचेव्ह याच्यावर फिल्म केली. मधुमेही म्हाताऱ्यासाठी बिनसाखरेची चॉकलेटं घेऊन गेला! तुम्ही भाच्याला संत्रा बर्फीच आणायला सांगा, अन् शुगरचा रिपोर्ट उशीखाली ठेवा.

गोर्बाचेव्हची मोठी चूक म्हणजे चूक कबूल करण्याची सवय. १९८५ मध्ये खुर्चीवर येताच त्यानं दारूविरुद्ध मोहीम काढली. द्राक्षाचे मळे उपटले गेले, लोकांनी घरीच भट्ट्या लावल्या, त्या पायी दुकानातली साखर गायब, अन् सरकारी तिजोरीला भोक पडलं ते वेगळंच. (आपल्या चंद्रपूरची दारूबंदीही २०१५ ला आली नि २०२१ ला उठली. तिथं चुकलं म्हणणारा कोणी भेटला का तुम्हाला?) गोर्बाचेव्ह मात्र नंतर म्हणाला, घाई झाली. असं बोलायचं असते का भाऊ! तुमच्या काळात कॉलनीची टाकी दोन वर्षं गळली, तर म्हणा, "तेव्हाची परिस्थितीच तशी होती." मग खिडकीबाहेर बघा. डोळे पाणावले तर उत्तम, नाहीतर सावजी रश्श्याचं बोट लावा.

जगानं त्याला १९९० मध्ये शांततेचं नोबेल दिलं. १९९६ मध्ये तो घरच्या, रशियाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत उभा राहिला, तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास मतं पडली. पुढच्या वर्षी पिझ्झ्याच्या जाहिरातीत बसला, अन् घासही स्वतः खाल्ला नाही, नातीनं खाल्ला. तुम्हाला कोणी तर्री पोह्याची जाहिरात दिली तर आधी दोन प्लेट हाणा, मग वारशाचं बोला.

शेवटी हर्झोगनं विचारलं, थडग्यावर काय लिहायचं? म्हातारा म्हणाला, "आम्ही प्रयत्न केला."

एवढंच! ना हुद्दा, ना सौजन्य. तुमचं तसं नाही. तुमचं नाव बागेतल्या बाकावर हयातीतच कोरलेलं आहे, पत्नीच्या अन् साळ्याच्या नावासकट. तिथंच शेवटचा शॉट घ्या. बाकाचा एक पाय मोडलाय, तेवढा फ्रेमबाहेर ठेवा, अन् बसू मात्र नका.