'पॉश' आणि ते जांभळ्या शिक्क्याचं तिकीट

एक फॉरवर्ड दर काही महिन्यांनी फिरून येतो. इंग्रजांच्या काळात विलायतेहून मुंबईला येणारे बडे साहेब म्हणे पी अँड ओ कंपनीच्या बोटीत येताना डाव्या आणि परतताना उजव्या बाजूची केबिन घेत, कारण तिथे ऊन कमी. 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' याची आद्याक्षरं त्यांच्या तिकिटावर जांभळ्या शाईने उमटवलेली असत. तोच 'पॉश' शब्द. शेवटी एक शेपूट: मूळ उच्चार 'पोश', फारसीतला.

किस्सा झकास आहे, पण तिकीट कुठाय? बोटीवरचं मेनूकार्ड, ट्रंकेवरची लेबलं लोकांनी जपून ठेवली, पिढ्यान् पिढ्या सांभाळली. हा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर पुढे आलेलं नाही.

उन्हाचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. भूमध्य समुद्रातून पूर्वेकडे निघालेल्या बोटीची डावी बाजू उत्तरेला, म्हणजे सावलीत. सुएझ ओलांडून तांबड्या समुद्रात शिरलं की बोट दक्षिणेकडे वळते आणि सकाळचं ऊन थेट डाव्या केबिनीत. पुढे पावसाळ्याच्या दिवसांत नैऋत्येचा वारा उजव्या अंगाला. त्या उकाड्यात सावली बघायची की वारा, हा ज्याचा त्याचा प्रश्न! आणि समजा, डावी केबिनच भारी होती. त्यावरून शब्द तिथूनच निघाला हे कसं ठरतं?

खरा घोळ तारखांचा आहे. 1890 च्या एका बोलीभाषेच्या कोशात 'पॉश' म्हणजे छानछोकी करणारा माणूस. 1914 मध्ये ब्रिटिश फौजेवरच्या एका पुस्तकात घोडदळातल्या शिपायांचे सरकारी नियमाबाहेरचे झकपक कपडे 'पॉश' ठरतात. तिथे बोट नाही, केबिन नाही, फक्त घोडे. सप्टेंबर 1918 मध्ये 'पंच' साप्ताहिकातल्या व्यंगचित्रात हवाई दलातला तरुण अधिकारी आईला सांगतो, आम्ही तिकडे 'पॉश' मजा केली. आई विचारते, 'पॉश' म्हणजे काय रे? शब्द उच्चभ्रूंच्या बोटीवर रुळलेला असता, तर या बाईंना तो मुलाकडून शिकावा लागला नसता. आणि बोटीची गोष्ट छापील रूपात दिसते ती 1935 च्या सुमारास, लंडनच्या एका साप्ताहिकाला आलेल्या पत्रात.

आता ते शेपूट. फारसी 'पोश' म्हणजे आच्छादन. आपल्या पलंगपोसात तोच बसलाय. पण इंग्रजी शब्द तिथून आल्याचा पुरावा नाही. इंग्रजांचा उच्चार आखूड 'ऑ'चा, 'वॉश'शी यमक जुळणारा. अमेरिकेत तो 'पाश'कडे झुकतो. आपण 'पॉश' म्हणतो ते ठीकच आहे. फरक पडतो तो अर्थामध्ये. आपल्याकडे पॉश एरिया, पॉश ऑफिस हे निव्वळ कौतुक. ब्रिटनमध्ये एखाद्याच्या बोलण्याला पॉश म्हटलं, तर त्यात बरेचदा वर्गभेदाचा चिमटा असतो.

शब्दाचं मूळ कोशकार ठामपणे सांगत नाहीत. एक उमेदवार मात्र मला आवडतो: रोमानी, म्हणजे युरोपातल्या 'जिप्सी' म्हणवल्या जाणाऱ्या लोकांच्या भाषेतला 'अर्धा' या अर्थाचा शब्द. इंग्रजी बोलीत त्यावरून आधी अर्ध्या पेनीला, मग एकूणच पैशाला 'पॉश' म्हणू लागले. रोमानी ही मराठीसारखीच भारतीय-आर्य कुळातली. भारताशी नातं जोडायचंच असेल, तर ते या बाजूने शोधावं.