कितला एकर?

तीन आठवडे मी त्या कृषी केंद्राच्या गल्लीतून गेलो नाही. भाजीला जायचं तर लांबून वळसा घालायचो. पेट्रोल जळतं, जळू दे.

झालं असं की माझ्या लिपस्टिक पामला थंडी बाधली. फाटकाच्या दोन बाजूंना दोन कुंड्या. देठ लालभडक, म्हणून हे नाव. मूळ मलेशिया-सुमात्राकडच्या दलदलीतलं झाड. पारा पंधराच्या खाली गेला की कुरकुरायला लागतं. ते मी धुळ्यात आणून ठेवलं, जिथे जानेवारीत पहाटे पाच-सहा अंश आणि मे महिन्यात चव्वेचाळीस. विकणारा म्हणाला होता, "साहेब, काहीही सोसतं." बहुतेक माझ्याबद्दल बोलत असावा.

बरं, थंडीचा मार लगेच दिसतही नाही. गारठ्याच्या रात्री गेल्या, ऊन पडलं, आणि मग दहा-बारा दिवसांनी पानं तांबूस पडून करपायला लागली. तोवर शेजारच्या वहिनींशी माझं भांडण होऊन गेलं होतं. अंगण धुतल्याचं साबणाचं पाणी कुंडीत जातं, असा माझा आरोप. तो खोटा निघाला. माफी मागायची राहिलीच आहे.

तर कृषी केंद्र. काउंटरवरच्या पोराने मोबाइलमधून मान वर न काढता विचारलं, "क्षेत्र?"

"बँकेत होतो," मी म्हणालो.

"तसं नाही काका. किती एकर?"

"दोन झाडं."

पोराने मान वर केली. बाकावर एक आबा बसले होते, शिरपूरकडचे केळीवाले, खांद्यावर उपरणं, हातात अर्धा कप चहा. त्यांनी कप खाली ठेवला.

"कितला एकर?"

"दोन झाडं, आबा."

"दोन हजार?"

"दोन. एक आणि एक."

आबा सरकून बसले, मला जागा केली. दुखवट्याला आलेल्या माणसाला करतात तशी. "फळ काय येस?"

"खायचं नाही येत."

"मंग लाकूड?"

"नाही."

"पानं? पत्रावळी?"

"नाही हो. देठ लाल असतो."

"लाल शे," आबा म्हणाले. मग बराच वेळ गप्प. मग, "इतलंच?"

दुकानातले चार-पाच जण एव्हाना ऐकत होते. नाव विचारलं, तेही मी सांगून बसलो. लिपस्टिक म्हटल्यावर युरियाचं पोतं उचलणारा हमालसुद्धा थांबला.

आबांनी मात्र मनापासून सल्ला दिला. "कापी टाका. मझारथून नवा पोंगा निंघस." केळीचं खरं आहे ते. केळीचा जीव जमिनीत, कंदात असतो. वरून कापली तरी मधून पान वर येतं. पामचा जीव शेंड्यात. प्रत्येक खोडाला एकच कोंब, तो गेला की ते खोड संपलं. बुंध्याशी पील, म्हणजे नवा फुटवा, आला तर आला. हे मी समजावत होतो आणि आबा मान हलवत होते, लहान पोराचं ऐकावं तसे.

मग म्हणाले, त्यांच्या बागेवर चरका पडलाय, म्हणजे थंडीने केळी करपलीय. विम्याला सलग तीन दिवस पारा आठ किंवा त्याखाली लागतो. दोन रात्री होता, तिसऱ्या रात्री जरासा वर. हे सांगताना ते हसले, आणि पुन्हा चहा उचलला. मला हसायचा या माणसाला पुरेपूर हक्क होता, म्हणून तर राग जास्त आला. कुणावर, ते कळेना. केळी करपायला रात्री मोजाव्या लागत नाहीत, विम्याचे पैसे द्यायला मोजाव्या लागतात.

कॉपर ऑक्सिक्लोराइडचं, म्हणजे बुरशीच्या औषधाचं, पाकीट मिळालं ५०० ग्रॅमचं. लिटरला तीन ग्रॅम. छोटं पाकीट मागायची हिंमत उरली नव्हती.

घरी येऊन पोंगे, म्हणजे शेंड्यातली न उलगडलेली पानं, हलके ओढून पाहिले. डाव्या कुंडीतल्या मोठ्या खोडाचा हातात आला, खाली चिकट, आंबूस वास. उजवीकडचे घट्ट होते. शेंड्यात औषध ओतलं. पुढचं काम म्हणजे काहीही न करणं, आणि आमच्या घरात ते कुणाला जमत नाही. अर्धवट हिरवी उरलेली पानं कापायची नाहीत, झाड त्यांच्यावरच जगतं. खत ऊब आल्याशिवाय नाही. पाणी बेतानं. बायको रोज कात्री घेऊन येते, मी रोज आडवा उभा राहतो. पोंग्यावर आणि शेजारच्या देठावर मिळून पेनाने एक आडवी रेघ मारून ठेवली आहे. पोंगा वाढला तर त्याच्यावरची रेघ वर सरकते.

परवा ती बोटभर सरकली! पान निघालं ते टोकाला करपलेलं, उंदराने कुरतडल्यासारखं. कोंबातच मार बसलेला, आणखी एक-दोन पानं अशीच येणार. पण निघालं.

त्या आनंदात आज सकाळी वळसा न घेता बाजारात गेलो. मेथी निवडत होतो, दोन्ही बाजूंना बायका. रस्त्यापलीकडून आबा ओरडले,

"ओ भाऊ! लिपस्टिक कशी शे तुमनी?"