‘परदेशी मुंग्या नागपूरच्या उन्हात मरतात’ हे खरं नाही

नागपुरातल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: परदेशी राणी मुंगी काचेच्या नळीत पाळा, सुटलीच तर ४५ अंशांच्या उन्हात मरेल, धोका नाही. हे चूक आहे.

ऊन जमिनीवर असतं, मुंग्यांची वारुळं खाली. आपले काळे मुंगळेही मे महिन्यात भर दुपारी बिळात बसतात अन् सांजेला अंगणात निघतात. आणि घरोघरच्या कूलरखाली ओली माती असतेच.

“एकटी राणी काय करणार?” असंही विचारतात. नळी डोळ्यांजवळ धरून पाहा: कापसाच्या बोळ्यामागे पाणी, पुढे राणी, तिच्या पायाशी कणीहून बारीक पांढरी अंडी. एकदा मिलन झालं की पोटात साठवलेल्या शुक्राणूंवर ती वर्षानुवर्षं अंडी घालते. वसाहतीला तेवढं पुरतं. हिंद महासागरातल्या ख्रिसमस बेटावर बाहेरून आलेल्या पिवळ्या मुंग्यांनी कोट्यवधी लाल खेकडे मारले.

शिवाय ही राणी येते कुठून? २०२५ मध्ये केनियात सुमारे ५,००० राण्या नळ्यांत भरून नेणारे दोन बेल्जियन तरुण पकडले गेले. तिथलं रान त्यामुळे ओरबाडलं जातं. भारतातही परवान्याशिवाय जिवंत कीटक आयात करता येत नाहीत.

कुणाकडे अशी मुंगी असेल तर कळकळीची विनंती: गोरेवाडा किंवा अंबाझरीत सोडू नका. नळी बंद ठेवून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. वाईट वाटेल, मलाही वाटतं. पण सोडण्यापेक्षा हेच बरं.