अकरा अंगठे

सकाळी चुलतभावानं ग्रुपवर फोटो टाकला. आमच्याकडच्या साखर कारखान्याची ऊस पिळायची जुनी मिल गॅस कटरनं कापून ट्रकमध्ये भरलेली. खाली कुणीतरी लिहिलंय, 'भाव चांगला आला.' त्यावर अकरा अंगठे. दिवसभर कामात लक्ष लागलेलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

त्या मिलसमोर मी नऊ वर्षांचा असताना उभा राहिलोय. माझे चुलते, तात्या, तिथे मिल फिटर होते. एका रात्रपाळीला त्यांचा डबा घेऊन थोरल्या भावाच्या सायकलवर मागे बसून गेलो आणि परत यायचं नावच घेईना. शेवटी तात्यांनी मनगट धरून आत नेलं. आधी कळलं ते तळपायांना. लोखंडी जाळीवर पाऊल ठेवलं आणि थरथर गुडघ्यापर्यंत चढली, मग दातांत. गोडूस, आंबूस, तेलकट वास. आणि समोर रोलर. पावणेतीन फूट जाड, साडेपाच फूट लांब. एका मिलला असे तीन, आणि एकीपुढे एक अशा चार मिल.

मला वाटलेलं, एवढं मोठं यंत्र गरागरा फिरत असेल. ते फिरत होतं मिनिटाला चार-पाच फेरे! पलीकडे वाफेवरचं टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे घेत किंचाळत होतं आणि मधली दातेरी चक्रं तो सगळा वेग खाऊन त्याची ताकद करत होती. शेवटचं चक्र तात्यांच्या दुप्पट उंच. घाई कशाचीच नाही. ऊस आत जात होता, रस खाली गळत होता आणि शेवटच्या मिलमधून नुसता चोथा बाहेर पडत होता. मी तात्यांचा सदरा मुठीत धरला. भीती वाटत होती आणि तिथून हलायचंही नव्हतं. पुढे आयुष्यात समुद्र पाहिला, हिमालय पाहिला. तसं पुन्हा झालं नाही.

आणि ह्याला किलोचा भाव?

अरे, त्या चोथ्याचं काय होतं ते तरी बघा. तोच बॉयलरमध्ये जातो. त्याच्या आगीवर वाफ, वाफेवर टर्बाइन, टर्बाइनवर रोलर, आणि टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेवर रस उकळतो. म्हणजे उसाला पिळायची ताकदही उसातलीच. हे मला त्या रात्री तात्यांनी कानाशी ओरडून सांगितलं, कारण साधं बोललेलं ऐकूच येत नव्हतं. शाळेत कुठल्या सरांनी इतकं शिकवलं नाही.

नव्या मिल विजेच्या मोटरवर चालतात, जास्त दाबाचे बॉयलर त्याच चोथ्यातून वीज काढतात, उरलेली विकता येते. मान्य. तात्यांच्या डाव्या करंगळीचं एक पेर त्याच मिल हाऊसमध्ये गेलं, तेही मान्य. जुनं चालवत राहा असं मी म्हणतच नाहीये. पण चारातली एक मिल, एक दातेरी चक्र कारखान्याच्या दारात उभं करायला काय जात होतं? कमानीला पैसे असतात. फ्लेक्सला तर दर आठवड्याला असतात.

ह्याच यंत्राला दसऱ्याला झेंडूचे हार घालत होतो ना आपण? बॉयलर पेटवायचा तर जोडपं पूजेला बसवत होतो, ऊस टाकायच्या गव्हाणीत पहिली मोळी हात जोडून टाकत होतो. इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला साखर कारखान्यांची यंत्रं घडली, आणि तिथल्याच कारखान्यात पीएसएलव्ही रॉकेटच्या मोटरची कवचंही घडली. रॉकेट उडालं की आपण टीव्हीपुढे टाळ्या वाजवतो. रोलर कापला की अंगठा.

माझ्या मुलाला मी त्या मिलचे व्हिडिओ दाखवलेत. तो म्हणाला, 'स्लो आहे.' त्याचा दोष नाही. मोबाइलमधून तळपायाला काय कळणार? मीच त्याला वेळेवर न्यायला हवं होतं. दरवर्षी पुढच्या हंगामाला जाऊ म्हणत राहिलो.

एवढं लिहून मघाशी तात्यांना फोन केला. आता ऐंशी पार आहेत, कानाला कमी येतं, मिल हाऊसचीच देणगी ती. सांगू की नको असं करत सांगितलं. जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वरचा रोलर कितव्या मिलचा हाय फोटोत? तीन नंबरचा का?"

म्हटलं, "तात्या, कळत नाही हो."

"तीन नंबरचं डावीकडचं बेअरिंग तापायचं. हात लावून बसायचो रातभर."

तेव्हापासून फोटो मोठा करून बघतोय. ट्रकच्या फळीआड गेलाय नंबर.