कंडेन्सरच हवा, १९२च हवं, फोमच हवा? एका फिरत्या यादीला उत्तर

घरच्या स्टुडिओसाठी काय काय घ्यावं, याची एक यादी बरेच दिवस या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरते आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: डायनॅमिक माइक (वेटोळं आणि चुंबकावर चालणारा) स्टेजपुरता, रेकॉर्डिंगला कंडेन्सरच, इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) १९२ किलोहर्ट्झचाच, ३२ बिट फ्लोट (अगदी बारीक ते अगदी मोठा आवाज मावणारा फाइलचा प्रकार) असेल तर लेव्हलकडे बघायला नको, भिंतींना फोम चिकटवला की खोली साउंडप्रूफ, आणि फुकटच्या सॉफ्टवेअरमधून ‘प्रो’ आवाज निघत नाही. हेतू चांगला असेल, पण ही यादी हातात घेऊन खरेदीला निघालेला माणूस नको तिथे पैसे घालतो.

आधी कंडेन्सर. त्याचा पडदा हलका असतो, त्यामुळे वरच्या पट्टीतले बारकावे तो छान पकडतो. बहुतेकांना त्यासाठी इंटरफेसमधून ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या केबलमधूनच जाणारा वीजपुरवठा, द्यावा लागतो, एवढंच. पण ‘रेकॉर्डिंगला कंडेन्सरच’ हे कुठून आलं? इलेक्ट्रो-व्हॉइसचा आरई२० आणि शूरचा एसएम७बी हे रेडिओ आणि पॉडकास्टच्या स्टुडिओत सर्रास दिसणारे माइक, दोन्ही डायनॅमिक आहेत.

यावर काहीजण लगेच उलटं सांगतात, की डायनॅमिक माइक खोलीचा आवाज घेतच नाही. तेही अर्धसत्यच. माइक जास्त संवेदनशील असला तर तो तुमचा आवाज आणि पंख्याची घरघर, दोन्ही सारखंच वाढवतो. गेन (माइकचा सिग्नल किती वाढवायचा ते) कमी केला की दोन्ही सारखंच उतरतं. खरा फरक पडतो तो माइक कोणत्या दिशेने ऐकतो आणि तोंडापासून किती लांब आहे, यामुळे. तोंडापासून ३० सेंटिमीटरवरचा माइक १५ वर आणा. थेट येणारा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, भिंतींवरून घुमून येणारा मात्र जवळपास होता तेवढाच राहतो. आता गेन ६ डेसिबलने खाली घ्या: तुमचा आवाज जागच्या जागी, घुमारा आणि घरघर तेवढीच खाली. यासाठी एक पैसाही लागत नाही. जवळ गेल्याचे तोटेही आहेत. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणाऱ्या, माइकमध्ये खर्ज फुगतो आणि ‘फ’, ‘भ’ म्हणताना हवेचा धक्का पडद्यावर बसतो. मग माइक तोंडासमोर न धरता थोडा बाजूला, तोंडाकडे वळवून ठेवायचा आणि मध्ये पॉप फिल्टर लावायचा. डायनॅमिक घेणाऱ्याने आणखी एक पाहावं: एसएम७बीसारख्या माइकला ६० डेसिबलच्या आसपास गेन लागतो. इंटरफेसचा प्रीअँप (माइकचा सिग्नल वाढवणारा भाग) तिथवर पोचताना सळसळत असेल, तर माइक कितीही नावाजलेला असून उपयोग नाही.

१९२ किलोहर्ट्झबद्दल. सॅम्पल रेट म्हणजे सेकंदाला आवाजाची किती वेळा नोंद घेतली ते. त्याच्या निम्म्यापर्यंतची फ्रिक्वेन्सी पूर्णपणे नोंदवता येते, म्हणजे ४४.१ ला सुमारे २२ किलोहर्ट्झ. माणसाचा कान फार तर २० पर्यंत ऐकतो, वय वाढेल तसं त्याहून कमी. आवाजाची लहर पायऱ्या-पायऱ्यांची काढलेलं चित्र दाखवून ‘बघा, कमी रेटला आवाज तुटक होतो’ असं सांगतात, ते चुकीचं आहे. कन्व्हर्टरमधून (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करणारा भाग) बाहेर पडणारी लहर अखंड आणि गुळगुळीतच असते. फाइल मात्र फुगते: २४ बिट, एका चॅनेलचं एक मिनिट ४८ ला ८.६४ एमबी, १९२ ला ३४.५६. आवाज खूप संथ करून खेळायचं असेल, वटवाघळं रेकॉर्ड करायची असतील, तर खुशाल वापरा. नाहीतर २४ बिट आणि ४८ पुष्कळ झाले. इंटरफेस घेताना त्यापेक्षा ड्रायव्हर (इंटरफेस आणि कॉम्प्युटर यांना जोडणारं सॉफ्टवेअर) कसा आहे ते विचारा. १२८ सॅम्पलचा बफर (कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) ४८ ला २.७ मिलिसेकंदांचा होतो. तेवढ्यावर खरखर न होता काम चाललं, तर हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येण्याचा त्रास फारसा जाणवत नाही.

३२ बिट फ्लोटचा मुद्दा काही रेकॉर्डरपुरता खरा आहे. त्यांच्यात कमी-जास्त पातळीसाठी दोन कन्व्हर्टर एकत्र काम करतात. पण नेहमीच्या २४ बिट इंटरफेसवर सॉफ्टवेअरमध्ये नुसतं ‘३२ बिट फ्लोट’ निवडलं, तर कन्व्हर्टरवर फाटलेला आवाज फाटलेलाच राहतो, फक्त मोठ्या फाइलमध्ये. सर्वांत मोठा आवाज मीटरवर उणे १० डेसिबलच्या (शून्य ही कमाल मर्यादा) आसपास राहील असा गेन ठेवा, काम झालं.

फोमवर मात्र माझा खरा राग आहे. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बंद लागतात; फोममध्ये दोन्ही नाही. आतला घुमारा तो शोषतो, पण पातळ फोम फक्त वरच्या पट्टीतला. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी ३.४ मीटर; तिच्यापुढे पाच सेंटिमीटर फोम काय करणार? चारही भिंती मढवल्या की चमक मरते आणि घुमणारा खर्ज तसाच उरतो, खोली पेटीसारखी वाजते. जाड रॉकवूलचे पॅनल कोपऱ्यात आणि बोलणाऱ्याच्या मागे जाड रजई, एवढ्याने जास्त फरक पडतो.

सॉफ्टवेअरचा दावा तर घरीच तपासता येतो. एकच वेव्ह फाइल दोन सॉफ्टवेअरमध्ये घ्या, फेडर (लेव्हलची पट्टी) शून्यावर, इफेक्ट काही नाही, डिदर (बिट कमी करताना मिसळली जाणारी बारीक खरखर) बंद, आणि २४ बिटमध्ये बाहेर काढा. दोन्ही फाइली शेजारच्या ट्रॅकवर तंतोतंत जुळवून एकीची पोलॅरिटी उलटवा, म्हणजे तिची लहर वरची खाली करा. दोन्ही एकसारख्या असतील तर काहीच ऐकू येत नाही. कधी फरक दिसलाच, तर बहुधा पॅनच्या (आवाज डावी-उजवीकडे वाटण्याच्या) ठरावीक नियमाचा असतो, म्हणजे लेव्हलचा. निवड करायची ती कामावरून. एकट्याचं बोलणं कापायला ऑडॅसिटी पुरते. अनेक ट्रॅकचं गाणं बांधायचं तर रीपर किंवा आर्डर सोयीचं. प्रो टूल्स शिकावं ते पुढे दुसऱ्यांच्या स्टुडिओत जाऊन त्यांचीच सेशन्स उघडायची असतील म्हणून.